सातव्या महिन्यातलं ग्रहण

दादा,

तुझ्या खोलीतून चौदा बाटल्या निघाल्या. त्यांचं काय करायचं, हे तू कोणालाच सांगून गेला नाहीस. घरमालकाला खोली रिकामी हवी होती. तुझ्या कॉलेजातले शिपाईमामा येऊन बघून गेले आणि म्हणाले, या आमच्या रजिस्टरात नाहीत, बाईंनी घेऊन जाव्यात. कनेरगावला आईने तर दारातच अडवलं. कोंबड्या सांभाळण्यात तिचा जन्म गेला, आणि आता तिच्याच कोंबड्यांची अर्धवट पिल्लं औषधात बुडवून घरात आणलेली तिला चालणार नव्हती. शेवटी मी त्या कडब्यात गुंडाळून पोत्यात भरल्या आणि हिंगोलीहून माझ्या सासरी, हट्ट्यापर्यंत एस.टी.त पायाशी धरून आणल्या. कंडक्टरने विचारलं, लोणचं का? मी हो म्हणाले. वास लोणच्याचा नव्हता, त्यामुळे औंढ्यापर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

आता त्या माझ्या खाटेखाली आहेत. प्रत्येकीवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे. दिवस तीन, दिवस चार, दिवस साडेचार. स्वतःच्या औषधाच्या वेळा तुला पाळता आल्या नाहीत, पण कोंबडीच्या पिल्लाचा अर्धा दिवस तू कधी सोडला नाहीस.

मी चिडलेली आहे, हे आधीच सांगते. तू जाऊन महिना उलटला. पुण्यानुमोदन झालं, माणसं आली, जेवली, तुझ्या साधेपणाबद्दल बोलली. किती शांत माणूस, कोणाला कधी दुखवलं नाही, असं म्हणाली. मी कोपऱ्यात बसून दात आवळत होते. बोलायला लागल्यापासून तुझ्याशी भांडत आलेल्या माणसाला, म्हणजे मला, कोणी काही विचारलं नाही. तुझे डोळे पिवळे झालेले सगळ्यांत आधी मी ओळखले होते. डॉक्टरकडे चल म्हणाले, तर तू म्हणालास, पेपर तपासून होऊ दे. आठ दिवस पेपर तपासत बसलास. लग्न कर म्हटलं होतं, केलं नाहीस. खोलीत स्टोव्ह घे, खानावळीचं तिखट तुला सोसत नाही म्हटलं होतं, घेतला नाहीस. थंडीत सकाळी कानाला रुमाल बांध एवढं साधं सांगितलं, तर तोच रुमाल अंड्यांभोवती गुंडाळलास. माझं ऐकायचं नाही, हे तू कधी ठरवलंस कोण जाणे.

ती अंडी तुझ्या डोक्यात लहानपणीच शिरली होती. कनेरगाव नाक्याच्या आपल्या घरात कोंबडी खुडूक बसली की आई तिच्याखाली टोपल्यात अंडी ठेवायची. सातव्या-आठव्या दिवशी एकेक अंडं उचलून पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या उन्हाच्या कवडशात धरायची. आत लाल जाळी दिसली तर ठेवायची, नाही तर कालवणात. मी कालवणाची वाट बघायची आणि तू जाळीची. नववीत असताना तू अंड्यांवर पेन्सिलने तारखा लिहायला लागलास, आणि रोज एक अंडं कमी व्हायला लागलं. आईला वाटलं मुंगूस येतंय. मुंगसाला तारखा कळतात का, असं मी तिला सांगितलं, तेव्हा तुला मार बसला. त्याबद्दल तू मला कधी बोलला नाहीस. मी मात्र ते मनात धरून आहे, कारण मार खाताना तू तिला सांगत होतास की पाचव्या दिवशी पंख नुसता वल्ह्यासारखा असतो, त्याला बोटं नसतात. मार खाताना माणूस रडतो, दादा. माहिती देत नाही.

पुढे तू हिंगोलीला कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर झालास आणि आम्हाला वाटलं, आता सुटलो. उलटंच झालं. दर सुट्टीत औरंगाबादला जायचास, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून परदेशी नियतकालिकं वाचायचास आणि त्यातल्या आकृत्या वहीत हाताने उतरवून आणायचास. एका दिवाळीला आई पोह्यांना फोडणी देत होती आणि मी चिवड्यासाठी दाणे निवडत होते, तेव्हा तू मला ते पहिल्यांदा समजावलंस. म्हणालास, पिल्लाचा पंख म्हणजे आधी बाजूला आलेलं नुसतं टेंगूळ. त्या टेंगळाच्या मागच्या कडेला, आपल्या हातात करंगळी असते त्या बाजूला, एक बारीकसा ठिपका असतो. तिथून काही तरी पाझरतं आणि पुढच्या कडेकडे विरत जातं. जिथे ते दाट पोचतं तिथे एक बोट होतं, जिथे पातळ पोचतं तिथे दुसरं. मग आईकडे हात करून म्हणालास, हे बघ, फोडणीचा वास चुलीपाशी किती आणि ओट्यावर किती. डोळे मिटले तरी तुला कळेल ना, चुलीपासून किती लांब बसली आहेस ते? तसं पेशीला कळतं.

मला ते पटलं होतं. पण तेव्हा मला त्याचं काय करायचं होतं? मी दाणे निवडत राहिले. मागच्या कडेचा तो ठिपका काढून दुसऱ्या पिल्लाच्या पुढच्या कडेला लावला तर बोटं दुप्पट होतात, आरशात बघितल्यासारखी उलटसुलट, असं तिकडच्या लोकांनी करून दाखवलं आहे, हे तू सांगत होतास. आणि तो पाझर नेमका कशाचा, हे अजून कोणालाच सापडलेलं नाही, हे तू इतक्या आनंदाने सांगितलंस की आईने वळून बघितलं. न सापडल्याचा आनंद होणारा माणूस तिने दुसरा बघितला नव्हता. मीही नाही.

मग माझी सुजाता झाली, आणि तिच्या डाव्या हाताला करंगळीच्या शेजारी सहावं बोट होतं.

ते गोष्टीतलं बोट नव्हतं, दादा. माझ्या लेकराचं होतं. छोटं, गुलाबी, त्याला नखही होतं. मी पहिल्या दिवशी ते दुपट्यात झाकलं. बाराव्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हट्ट्याहून बाळ बघायला आल्या. दुपटं उघडून त्यांनी बोटं मोजली आणि एवढंच विचारलं, "गिऱ्हनात काय केलं व्हतं?"

ग्रहण मला सातवा लागला असताना आलं होतं. दिवेलागणीनंतरचं चंद्रग्रहण. आपल्या दोन्ही घरांत भिंतीवर बुद्धाची तसबीर, देवदेव कधीच सुटलेले, आत्याबाईंनी तर गावातल्या सभेला पुढे बसून बावीस प्रतिज्ञा पाठ म्हटलेल्या. पण गरोदर बाईने ग्रहणात काही चिरू नये, शिवू नये, मोडू नये, हे मात्र सुटलं नव्हतं. त्यांनी विळी लपवली, सुपारीचा अडकित्ता लपवला आणि मला आतल्या खोलीत निजवलं. मी निजले नाही. यांना दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत साहेबांसमोर जायचं होतं आणि सदऱ्याची गुंडी निघाली होती. मी शाळेत पोरांना ग्रहण कसं लागतं ते चेंडू आणि कंदील घेऊन शिकवते. मी दोन मिनिटांत गुंडी शिवली. सुई उशीला टोचून ठेवली आणि सकाळी काढायची विसरले.

आत्याबाईंना ती सुई आठवत होती. ग्रहणात जोड दिला, म्हणून लेकराला जोड आला. एवढं बोलून त्या गप्प बसल्या, आणि त्या गप्प बसल्या म्हणजे काय असतं ते तू पाहिलेलं आहेस. त्याच दिवशी त्यांनी घोड्याच्या शेपटीचा केस आणवून सुजाच्या बोटाला बुडाशी बांधला; आठ-पंधरा दिवसांत वाळून गळतं म्हणाल्या. आईने आणि मी तो बांधू दिला. रविवारी तू आलास. बोट निळं पडलेलं बघितलंस आणि खिशातून तुझी ती अंडी फोडायची बारीक कात्री काढून केस कापलास. म्हणालास, यात हाड आहे, हे गळणार नाही, सडेल. तुझं बरोबर होतं. परभणीच्या डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं, आणि काढायचं तर पोरगी मोठी झाल्यावर नीट शस्त्रक्रिया करून काढू म्हणाले. पण तू आत्याबाईंसमोर केस कापलास आणि त्यांच्याशी एक शब्द न बोलता कात्री परत खिशात ठेवलीस. ते मला महागात पडलं.

हट्ट्याला परत आले तेव्हा सगळ्या गल्लीला सुई ठाऊक झाली होती. पाणवठ्यावर बायका बाळाचा हात मागायच्या, बोट बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. हे मध्ये बोलत नव्हते. तुझ्या मेव्हण्याचा स्वभाव तुला माहीत आहे. त्यांच्याच गुंडीसाठी झालं होतं, तरी ते पेपर वाचत बसायचे. मी तुला पत्र लिहिलं. त्यात मी लिहिलं की ही अडाणी माणसं आहेत, माझा विश्वास नाही. ते खोटं होतं, दादा. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. माझा विश्वास बसला होता. दिवसा मी शाळेत चेंडू आणि कंदील फिरवायची, आणि घरी सुजाला पाजताना ते बोट माझ्या छातीवर टेकलं की मला ती सुई दिसायची.

तू पत्राचं उत्तर दिलं नाहीस. तीन आठवड्यांनी एका शनिवारी दुपारच्या गाडीने थेट आलास. हातात चार खणांचा डबा. मला वाटलं आईने सुजासाठी काही पाठवलं. डब्यात सरकी होती आणि सरकीत अंडी. तू कनेरगावला राहून रोज एक याप्रमाणे आईच्या खुडूक कोंबडीखाली अंडी सरकवली होतीस, म्हणजे त्या दिवशी तुझ्याकडे तीन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंतचं एकेक अंडं होतं. आईने ती दिली कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

आत्याबाईंना तू म्हणालास, "मावशी, जरा इकडं बसता का? तुमचं काम हाय." त्या बसल्या, कारण अंडी दिसली. त्यांच्या स्वतःच्या अकरा कोंबड्या. तू बशीत कोमट मिठाचं पाणी घेतलंस आणि एकेक अंडं फोडायला लागलास. तिसऱ्या दिवसाच्या अंड्यात लाल जाळी आणि मध्ये वाकडा धागा. तू भिंग त्यांच्या हातात दिलंस. पंख कुठाय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तू सुईच्या टोकाने ते टेंगूळ दाखवलंस. चौथ्या दिवशी टेंगूळ मोठं. पाचव्या दिवशी वल्हं. सहाव्या दिवसाचं फोडलंस तेव्हा त्या म्हणाल्या, कशाला मारून राहिला रे लेकरं. तू थांबलास, आणि मग म्हणालास की तीन राहिली आहेत, नको असतील तर नाही फोडत. त्यांनी भिंग बशीवर पुन्हा धरलं आणि म्हणाल्या, फोड.

सातव्या दिवशी वल्ह्यावर पुसट रेघा. आठव्या दिवशी पंखाला तीन बोटं, स्पष्ट. नवव्यातही तीच तीन, नुसती लांब झालेली. आत्याबाईंनी तीनही बशा पुन्हा एकदा बघितल्या. कोंबडीच्या पंखात बोटं असतात हेच त्यांना नवं होतं, जन्मभर कोंबडी कापून.

तेव्हा तू सांगितलंस. पिल्लू एकवीस दिवसांचं, बोटं आठव्या दिवशी ठरतात. पुढे ती फक्त वाढतात, नवं बोट येत नाही. माणसाचं लेकरू नऊ महिन्यांचं, त्याची बोटं दुसरा महिना सरता सरता ठरतात. आत्याबाईंनी विचारलं, "आन् गिऱ्हान?"

"गिऱ्हान सातव्यात लागलं, मावशी. तवा बोटं होऊन पाच महिने झाले व्हते."

दादा, त्या क्षणी आपण जिंकलो होतो. आत्याबाई बशांकडे बघत होत्या आणि त्यांच्या तोंडावरचं काही तरी सैल झालं होतं. मी दारात सुजाला घेऊन उभी होते, मला रडू येत होतं. मग त्यांनी विचारलं, कोणीही विचारलं असतं, "मग काहून आलं?"

आणि तू म्हणालास, माहीत नाही.

काय बिघडलं असतं? गरमीने होतं म्हणायचं होतंस. दुष्काळात सरकारने वाटलेल्या सुकडीमुळे म्हणायचं होतंस, त्या काळात सगळ्याचं खापर सुकडीवर फुटत होतं, अजून एक फुटलं असतं. निदान तो तुझा ठिपका, तो पाझर सांगायचा, पाझर जरा जास्त झाला म्हणायचं. पण तू म्हणालास माहीत नाही, आणि वर तेवढ्याने भागलं नाही म्हणून वही काढलीस. म्हणालास, कधी कधी हे घराण्यातून येतं. आमच्याकडं मी आईला विचारलं, कोणाला न्हाई. मावशी, तुमच्या माहेरी कोणाच्या हातापायाला जास्तीचं बोट व्हतं का?

त्या ताडकन उठल्या. भिंग ओसरीवर आपटलं नाही, हे नशीब. "आमच्या घराण्यात न्हाई कोणाला," म्हणाल्या आणि मागच्या दाराने निघून गेल्या. तू शांतपणे वहीत काही लिहिलंस. मी वाकून बघितलं. तू लिहिलं होतंस: नाही म्हणतात. सरळ 'नाही' लिहायलाही तुझा हात वळला नाही.

फाट्यावर तुला गाडीला सोडायला आले तेव्हा मी तुला काय काय बोलले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, मला तुझं शास्त्र नको होतं. तुझ्या बहिणीची काही चूक नाही, एवढं एक वाक्य हवं होतं. तू म्हणालास, सातव्या महिन्याचं ग्रहण दुसऱ्या महिन्याच्या बोटाला कारण होऊ शकत नाही, हे मी सांगितलं की. मी म्हणाले, ते वाक्य नव्हे. तू विचारात पडलास. मला अजून वाटतं की तुला खरंच दोन्ही वाक्यांत फरक दिसत नव्हता. मग मी म्हणाले, मला त्या घरात राहायचं आहे, तुला नाही. त्यांना हे पुन्हा विचारायचं नाही. कधीच नाही. माझी शपथ आहे. तू गाडीच्या पायरीवर चढत म्हणालास, बरं.

पुढे पाच वर्षं तू येत राहिलास. दर दोन-तीन महिन्यांनी, कधी हळदीच्या दिवसांत, कधी शाळेच्या सुट्टीत. पोरीसाठी गूळशेंगदाणे आणि आत्याबाईंसाठी कसली कसली जातीची अंडी उबवायला. पाणवठ्यावरच्या बायका हळूहळू थकल्या. आत्याबाई तुला चहा द्यायच्या, तुझ्यासमोर बसायच्या, कोंबड्यांना काय रोग पडला ते विचारायच्या. सुईबद्दल त्या पुन्हा बोलल्या नाहीत. पण माझी चूक नाही, असंही कधी म्हणाल्या नाहीत. आणि मी, तुझ्या सात बशा बघितलेली मी, पुढच्या दोन्ही ग्रहणांत सुईला हात लावला नाही. पोटात कोणी नसताना.

सुजा बोटांवर आकडे मोजायला लागली तेव्हा अकरावर थांबायची. मी शिक्षिका, माझ्याच लेकीला दहाचा गट शिकवता येईना. तू आलास की तिचा हात हातात घेऊन म्हणायचास, बरोबर आहे, तुझे अकराच आहेत. तुझ्यामुळे तिचा हिशोब बिघडतोय म्हटलं तर हसायचास. शाळेत घालायच्या आधी शस्त्रक्रिया करू म्हटलं तर म्हणायचास, तिला विचार. पाच वर्षांच्या पोरीला काय विचारू? विचारलं, तर ती म्हणाली, मामाला विचार. अशी तुमची दोघांची कचेरी, एकाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर.

आणि हे सगळं चालू असताना तू खोलीत तो ठिपका उचलून लावायचा प्रयत्न करत होतास. शिवणाची सुई दगडावर घासून बारीक केलेली, अंड्याला खिडकी पाडून ती चिकटपट्टीने बंद केलेली. वह्यांत पानं भरून एकच शब्द आहे: मेलं. मेलं. मेलं. बुरशी. मेलं. चौदा बाटल्यांतल्या तेरा साध्या आहेत, वाढत्या दिवसांच्या. चौदावीवर तू लिहिलं आहेस: दिवस दहा, चार बोटं? मी भिंगाने बघितलं, दादा. पिल्लाच्या पंखाला तीन असतात हे मला तूच शिकवलंस. यात चार आहेत. मला तरी चार दिसतात. पुढच्या कडेला एक जास्तीचं आहे. तू हे कोणाला दाखवलं नाहीस. वहीत त्या दिवशी लिहिलंस, एकावरून काही म्हणता येत नाही. पाच वर्षांत एक जमलं आणि त्याच्यापुढे तू प्रश्नचिन्ह काढलंस. अशा माणसाचं काय करावं?

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

तुझ्या पुण्यानुमोदनाला आत्याबाई हट्ट्याहून कनेरगावला आल्या होत्या. गुडघे दुखतात, एस.टी. झेपत नाही, तरी आल्या. दुपारी जेवणं झाल्यावर बायका मागच्या अंगणात बसल्या होत्या. सुजा सगळ्यांना पाणी देत होती. आईच्या लांबच्या नात्यातल्या काशीबाईने तिचा हात धरला आणि म्हणाली, हे काय वं माय, सहा हायेत की. हिच्या आईनं गिऱ्हनात काही केलं व्हतं काय?

मी भांडी घासत होते. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गिऱ्हनाचं काय न्हाई त्याच्यात. बोटं दुसऱ्या महिन्यात व्हतेत. गिऱ्हान सातव्यात लागलं व्हतं. या पोरीच्या मामानं मला अंडी फोडून दाखवलं."

तू तिथे असायला हवा होतास. एवढ्यासाठी तरी आठ दिवस आधी डॉक्टरकडे जायला हवं होतंस. त्यांनी ते असं सांगितलं जसं स्वतःच शोधून काढलं आहे. काशीबाई ऐकून घेणारी नाही, ती म्हणाली, मग काहून आलं? मला वाटलं, आता त्या म्हणणार, माहीत नाही. मी वाट बघत होते, दादा. तुझा तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी तयार होते, त्यावर मला रागही आला नसता.

आत्याबाई पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "माझ्या बापाच्या डाव्या पायाला सहा बोटं व्हती."

काशीबाईला त्यात विशेष काही वाटलं नाही. ती दुसऱ्या विषयावर गेली. मी भांडी तशीच ठेवून आत्याबाईंना आत घेऊन गेले आणि विचारलं, पाच वर्षं?

त्यांनी मला सांगितलं ते तुला सांगते. त्यांच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा त्यांचा बाप बैठकीत पूर्ण वेळ डावा पाय धोतराखाली दुमडून बसला होता. पायाला मुंग्या आल्या, उठताना पडला, पण पाय दाखवला नाही. तरी कुठून तरी कुणकुण लागलीच, आणि लग्नानंतर पहिल्या दिवशी सासूने आत्याबाईंच्या पायाची बोटं मोजली. तेव्हापासून त्यांनी ती गोष्ट कोणाजवळ काढली नव्हती, नवऱ्याजवळही नाही. "त्यानं इचारलं तवा जीभच उचलली न्हाई," त्या म्हणाल्या. "तुझ्यावरलं माझ्यावर आलं असतं."

मी म्हणाले, मग नंतर तरी सांगायचं. दादा तर येत होता.

"येत व्हता की. दर खेपी चहा ठेवताना मनात यायचं, आज इचारंल. मी तयार व्हते. त्यानं परत इचारलं असतं तर सांगितलं असतं." मग म्हणाल्या, "त्यानं इचारलंच न्हाई. म्या म्हणलं, त्याला लागत नसंल आता."

दादा, मी त्यांना शपथेबद्दल सांगितलं नाही. कसं सांगू? मी त्यांच्यावर चिडले होते आणि चिडायला जागा राहिली नव्हती. त्या तुझ्यासमोर बसायच्या, कोंबड्यांच्या रोगावर बोलायच्या, ते बोलणं संपलं तरी उठायच्या नाहीत, ते मी दर खेपेला बघितलं आहे. मला वाटायचं गुडघे दुखतात म्हणून उठत नाहीत.

परत आल्यावर मी तुझी वही काढली. 'नाही म्हणतात' या शब्दांखाली तू अर्धं पान कोरं सोडलं होतंस. बाकी वही तू अशी भरली आहेस की समासातही जागा नाही, आणि तिथे अर्धं पान कोरं. म्हणजे तू वाट बघत होतास. त्या तिकडे वाट बघत होत्या आणि तू इकडे, आणि मधे चहाची कपबशी. मी त्या कोऱ्या जागेत लिहिलं: आत्याबाईंच्या वडिलांच्या डाव्या पायाला सहा. माझं अक्षर तुझ्याइतकं चांगलं नाही, पण वाचता येईल.

आता कळलं, दादा. सुई नव्हती. माझ्या लेकीचं बोट तिच्या पणजोबाच्या धोतराखालून आलं. तू असतास तर म्हणाला असतास, एकावरून काही म्हणता येत नाही. म्हण. मला तेही चालेल.

रुमाल बांध म्हटलं, ऐकलं नाहीस. स्टोव्ह घे म्हटलं, लग्न कर म्हटलं, डॉक्टरकडे चल म्हटलं, एकही ऐकलं नाहीस. पुन्हा विचारू नकोस म्हटलं, तेवढं मात्र ऐकलंस.